सिंधमधील दंतहीन पुरुष



आमच्या देवपुरांत वैशाखांत पांझरेच्या वाळूवर पाय ठरत नाहीं. अशाच एका उन्हाळ्यांत माझ्या वर्गांतील एक मुलगा घटकाघटकेस उठून नळाखालीं डोकें धरी व सदरा भिजवून येई. त्याच्या तोंडांत मोजकेच, सुळ्यांसारखे टोकदार दांत होते. भुंवया जवळजवळ नव्हत्याच. मुलें त्याला 'आजोबा' म्हणत. मीं ती खोडी समजून त्याला दोनदां बाकावर उभा केला.

उलगडा फार उशिरां झाला, तो डार्विनच्या ग्रंथांत. पाळीव प्राणी व वनस्पति यांच्यांतील बदलांविषयींच्या त्याच्या ग्रंथाच्या १८७५ सालच्या आवृत्तींत, वेडरबर्न नामक गृहस्थानें कळविलेली सिंधमधील एका हिंदु कुटुंबाची हकीकत आहे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्यांतच मोडत असे. ह्या घराण्यांत चार पिढ्यांत दहा पुरुष असे निपजले कीं, दोन्ही जबडे मिळून पुढचे चार दुबळे दांत व आठ दाढा एवढीच त्यांची पुंजी. अंगावर केंस थोडे, टक्कल लवकर. आणि उन्हाळ्यांत कातडी कोरडी पडून अतिशय हाल. मुलींना व्यंग नसे, परंतु त्यांच्या मुलग्यांत तें उतरे. बापाकडून मुलाकडे तें कधींच गेलें नाहीं. पुढें १९२१ सालीं थडाणी यांनीं सिंध-हैदराबादच्या अशाच लोकांविषयीं लिहिलें. तेथें त्यांना 'भुडा' म्हणत.

दांत, केंस व घर्मपिंड हीं तिन्ही गर्भाच्या बाह्य थरापासून घडतात. सबब एका जनुकांतील दोष तिहींना बाधतो. हें जनुक १९९६ सालीं हातीं लागलें. तें एक्स गुणसूत्रावर असतें. पुरुषाजवळ असें गुणसूत्र एकच, स्त्रीजवळ दोन. म्हणून तिचें दुसरें तिला बरेंचसें सांवरतें. तरी एखाददुसरा दांत पुष्कळदां तिलाहि कमी असतो, हें मात्र त्या जुन्या हकीकतींत आलेलें नाहीं.

लोक हंसतात तें दांतांना. जिवावर बेततें तें घाम न येण्यामुळें. तान्हीं मुलें अंग तापूनच दगावतात. कवळी लहानपणींहि बसवितां येते, घामाला मात्र इलाज नव्हता. २०१८ सालीं जर्मन डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलें कीं, उणें असलेलें प्रथिन आईच्या गर्भजलांत टोंचून दिल्यावर जन्मलेल्या तीन मुलांना घाम येऊं लागला.

त्या मुलाची आई एकदां शाळेंत आली होती. "गुरुजी, ह्याचे दोन मामा असेच होते. दोघेहि उन्हाळ्यांतच गेले," असें ती म्हणाली. दांतांचा आणि उन्हाचा काय संबंध, असें मनांत म्हणून मीं तिला वाटेला लावलें.