संगणक इंटरनेटला जोडलेला आहे का, हे ठरते कसे?

संगणकाच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात दिसणाऱ्या इंटरनेटच्या चिन्हावर आपण निर्धास्तपणे विसंबतो. ते कशाच्या आधारे उमटते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक ‘नेटवर्कशी जोडलेला’ आणि ‘इंटरनेटशी जोडलेला’ या दोन भिन्न अवस्था आहेत. घरातील राउटरपर्यंत वायर अथवा वाय-फाय पोहोचले की पहिली अवस्था पूर्ण होते. राउटरपलीकडची लाइन तुटलेली असली, तरी संगणकाला ते आपोआप कळत नाही.

पहिली खूण आयपी पत्त्याची. हा पत्ता सहसा राउटर देतो. तो मिळाला नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता धारण करते. असा पत्ता दिसल्यास दोष बहुधा घरातच, संगणक व राउटर यांच्या दरम्यान असतो. सेवा देणाऱ्या कंपनीला दूरध्वनी करण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

दुसरी कसोटी ‘पिंग’ची. माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. दूरच्या संगणकाला हाक मारायची आणि प्रतिसाद येतो का, ते पाहायचे, इतकेच त्याचे काम. गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याकडून उत्तर येते, पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे घडले तर नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस यंत्रणा बिघडली आहे, असे समजावे. उत्तर न येणे हा मात्र निर्णायक पुरावा नव्हे. अनेक सर्व्हर सुरक्षेसाठी पिंगला उत्तरच देत नाहीत.

म्हणूनच विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने निराळा मार्ग पत्करला. संगणक कंपनीच्या ठरावीक सर्व्हरवरून एक चिमुकली मजकूर-फाइल मागवतो. अपेक्षित शब्द जसेच्या तसे आले, तरच इंटरनेट आहे असे मानले जाते. अॅपलची उपकरणे ‘सक्सेस’ हा शब्द असलेले पान मागतात. अँड्रॉइड फोन तर २०४ या सांकेतिक क्रमांकासह रिकामे उत्तर अपेक्षितो.

शब्द तपासण्याचा हा खटाटोप कशासाठी? रेल्वे स्थानकावरील मोफत वाय-फाय आठवावे. मुंबई सेंट्रलला ते जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाले. अशा ठिकाणी मोबाइल क्रमांक व ओटीपी दिल्याखेरीज वाट मोकळी होत नाही; तोवर कोणतेही पान मागितले तरी नोंदणीचेच पान पुढे येते. उत्तर तर आले, पण भलतेच! त्यावरूनच फोन ओळखतो आणि ‘साइन इन’ करण्याची सूचना देतो.

ही पद्धतही निर्दोष नाही. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या एका अपडेटनंतर, प्रॉक्सी आणि विशेषतः व्हीपीएन वापरणाऱ्या काही संगणकांवर इंटरनेट असूनही ‘नाही’ असे दिसू लागले. टीम्स, आउटलुक यांसारखे प्रोग्राम जोडणी होत नसल्याचे सांगत अडून बसले. टाळेबंदीमुळे जगभर कार्यालये घरातून चालू लागली होती, नेमके तेव्हाच हे घडले. मायक्रोसॉफ्टला ३० मार्च रोजी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती पाठवावी लागली. एका चिन्हाच्या निवाड्यावर इतर प्रोग्रामांनी इतके विसंबावे, हे मूळ आखणीतलेच वैगुण्य म्हणावे लागेल.

ब्राउझरचेही तसेच. संकेतस्थळाने विचारले असता तो ‘ऑफलाइन’ म्हणाला तर सहसा खरे मानावे; ‘ऑनलाइन’ म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ राउटर सापडला एवढाच. ऑनलाइन अर्ज किंवा पैसे भरताना चक्र फिरतच राहिले, तर चिन्हाकडे पाहून पुन्हा बटण दाबू नये. आधी खात्यातील नोंद तपासावी. रक्कम वळती झालेली असते आणि तुटलेली असते ती केवळ उत्तराची वाट, असेही घडते.