सामाजिक बोलपट आणि त्याचा प्रेक्षक

समाजाचे व्यंग पडद्यावर मांडणारा दिग्दर्शक एकाच वेळी दोन कामे करीत असतो. लोकांना तो शहाणे करू पाहतो, आणि त्याच लोकांकडून तिकिटाचे पैसेही घेतो. या दोहोंत विरोध असलाच पाहिजे असे नाही. परंतु पहिल्याच्या नावावर दुसरे केव्हा चालू लागले, हे ओळखणे कठीण असते.

मराठी बोलपटाच्या इतिहासात याची दोन उदाहरणे लागोपाठच्या वर्षी सापडतात. १९३७ साली 'प्रभात'ने 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न मांडला. शांता आपट्यांची नीरा वृद्ध पतीशी संसार करण्यास साफ नकार देते. पार्श्वसंगीताच्या साहाय्याने प्रेक्षकांचे अश्रू काढण्याचा मोह शांतारामांनी टाळला, हे विशेष. तथापि शेवटी पतीची आत्महत्या नीरेला मोकळे करते आणि समाज उत्तर देण्यातून सुटतो.

पुढल्याच वर्षी आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला 'ब्रह्मचारी' आला. ब्रह्मचर्याच्या स्तोमावरील हा उपहास खराच बोचरा होता. परंतु लोकांच्या तोंडी राहिले ते मीनाक्षी शिरोडकरांचे पोहण्याच्या वेषातील दृश्य. कथेला ते हवे होते, हे मान्य. औदुंबराचे व्रत कशाने तरी ढळायलाच हवे. पण औदुंबराला हसणारा प्रेक्षक स्वतः तेच डोळे भरून पाहत होता, आणि चित्रपट त्याला त्याची जाणीव करून देत नाही. येथे उपहास थांबतो व आमिष उरते.

चंडीगढच्या मराठी माणसापुढे हा प्रश्न २०१६ साली निराळ्या रूपाने आला. पंजाबातील मादक द्रव्यांच्या व्यसनावर मुंबईच्या निर्मात्यांनी 'उडता पंजाब' काढला. परिनिरीक्षण मंडळाने पंजाबचे उल्लेखही गाळण्यास सांगितले. १३ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केवळ एक काट व खुलासा यांवर परवानगी दिली. ती योग्यच होती. ज्यांच्या घरात व्यसनाने माणूस गेला, त्यांचे दुःख मांडण्याचा अधिकार कलावंताला आहे.

परंतु दाखविण्याची मोकळीक हा एक प्रश्न, आणि दाखविताना प्रेक्षकाला कसे वागविले हा दुसरा. पहिल्याचा निकाल न्यायालय देऊ शकते. दुसऱ्याचा निकाल प्रेक्षकानेच द्यायचा असतो, आणि तो देताना त्याने स्वतःलाही पिंजऱ्यात उभे केले पाहिजे.