आपत्कालीन पिशवी

आपत्कालीन पिशवी म्हणजे पूर, भूकंप, चक्रीवादळ, दरड कोसळणे, आग किंवा तत्सम संकटात घर तातडीने सोडावे लागल्यास सोबत नेण्यासाठी आधीच भरून ठेवलेला आवश्यक वस्तूंचा संच होय. मदतयंत्रणा पोहोचेपर्यंत किंवा निवारा केंद्रात पुरेशी व्यवस्था होईपर्यंत व्यक्तीला अथवा कुटुंबाला स्वतःच्या बळावर निभावून नेता यावे, हा तिचा उद्देश असतो. हा कालावधी सामान्यतः ७२ तास, म्हणजे तीन दिवस, धरला जातो. पिशवीत मुख्यत्वे पिण्याचे पाणी, न शिजवता खाता येणारे अन्न, औषधे, विजेरी, कागदपत्रे, रोख रक्कम आणि कपडे यांचा समावेश होतो.

नावे

मराठीत या संचासाठी आपत्कालीन पिशवी, आपत्कालीन संच व आणीबाणी संच अशी नावे वापरली जातात. बोलीभाषेत ‘इमर्जन्सी किट’ हा शब्दप्रयोगही रूढ आहे. अमेरिकेत प्रचलित असलेल्या ‘बग-आउट बॅग’ या नावाचा उगम कोरियन युद्धाच्या काळातील लष्करी बोलीशी जोडला जातो. त्या बोलीत ‘बग आउट’ म्हणजे ठाणे सोडून घाईने माघार घेणे. न्यूझीलंडमध्ये ‘ग्रॅब बॅग’, तर जपानमध्ये ‘हिजो मोचिदाशी बुकुरो’ (आणीबाणीत बाहेर न्यायची पिशवी) असे म्हणतात.

पार्श्वभूमी

घरोघरी अशी पिशवी ठेवण्याची प्रथा जपानमध्ये विशेष रुजलेली आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ तेथे १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने कवायती होतात आणि अनेक कुटुंबे पिशवीतील सामान तपासून घेतात. दीर्घकाळ टिकणारी ‘कानपान’ नावाची कडक बिस्किटे आणि केवळ पाणी घालून खाता येणारा वाळवलेला शिजलेला भात हे तेथील पिशवीतील नेहमीचे पदार्थ आहेत. १७ जानेवारी १९९५ चा कोबे परिसरातील भूकंप आणि ११ मार्च २०११ चा भूकंप व त्सुनामी यांनंतर या सवयीला आणखी बळ मिळाले.

युरोपात स्वीडनने २०१८ मध्ये संकटकाळातील पूर्वतयारीची पुस्तिका घरोघरी पाठवली व २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती काढली. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने नागरिकांनी किमान ७२ तास स्वयंपूर्ण राहण्याची तयारी ठेवावी, असे धोरण मांडले.

भारतात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांची रचना केली. चक्रीवादळ व पूर यांसंबंधीच्या सूचनांमध्ये ही प्राधिकरणे आपत्कालीन संच तयार ठेवण्याचा सल्ला देतात.

महाराष्ट्रातील अनुभव

राज्यातील मोठ्या आपत्तींचे स्वरूप पाहिल्यास पिशवीत काय असावे आणि ती कोठे ठेवावी, याचे निकष स्पष्ट होतात.

११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप हे दोन्ही पहाटे चारच्या आसपास, लोक झोपेत असताना झाले. अशा वेळी अंधारात, पडझडीतून आणि अनवाणी बाहेर पडावे लागते. म्हणून विजेरी, शिट्टी व जाड तळव्यांची पादत्राणे अंथरुणापासून हाताच्या अंतरावर असणे महत्त्वाचे ठरते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी असंख्य लोक कार्यालये, शाळा, लोकलगाड्या व वाहने यांत अडकले. काहींचा बंद मोटारींत गुदमरून मृत्यू झाला. आपत्ती आली तेव्हा यांपैकी बहुतेक लोक घराबाहेर होते. त्यामुळे घरातील पिशवीखेरीज कामाच्या ठिकाणी व वाहनात एक लहान संच असावा, आणि वाहनातील संचात काच फोडण्याची हातोडी असावी, असे सुचवले जाते.

३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वीज नसली की भ्रमणध्वनीचे मनोरे, एटीएम व मोबाइलवरून पैसे देण्याची सोयही बंद पडते. त्यामुळे सुट्ट्या नोटा आणि बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर यांचे महत्त्व टिकून आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा नद्यांच्या पुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांना वेढा दिला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अशा पुरात तळमजल्यावरील कपाटे व पेट्या पाण्याखाली जातात आणि कागदपत्रांचा लगदा होतो. नुकसानभरपाईसाठी होणाऱ्या पंचनाम्याच्या वेळी व त्यानंतर हीच कागदपत्रे लागतात.

पिशवी आणि घरातील साठा

आपत्कालीन पिशवी व घरातील आपत्कालीन साठा या दोन भिन्न गोष्टी आहेत. घर सोडावे लागते तेव्हा पिशवी उपयोगी पडते. घरातच अडकून राहावे लागते तेव्हा साठा लागतो.

हा भेद पाण्याच्या वजनावरून लक्षात येतो. पिण्यासाठी व अन्नासाठी माणशी दररोज सुमारे ३ लिटर पाणी धरल्यास चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ३६ लिटर पाणी लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने हे ओझे ३६ किलोग्रॅमचे होते आणि ते घेऊन गुडघाभर पाण्यातून चालणे अशक्यप्राय असते. म्हणून पिशवीत माणशी एक ते दोन लिटर पाणी व पाणी शुद्ध करण्याचे साधन ठेवावे आणि उर्वरित पाणी घरात झाकणबंद भांड्यांत साठवावे, असा मार्ग अवलंबला जातो.

पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावे, असा ठोकताळा पदभ्रमण करणाऱ्यांमध्ये प्रचलित आहे. आजारी, वयस्कर व मुलांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी कमी असते. दोन्ही हात मोकळे राहण्यासाठी हातात धरायच्या पिशवीपेक्षा पाठीवरची पिशवी सोयीची ठरते.

पिशवीतील वस्तू

पाणी

बंद बाटल्यांतील पाण्यासोबत क्लोरीनच्या गोळ्या ठेवल्या जातात. वेष्टनावरील प्रमाणात गोळी टाकून साधारणतः अर्धा तास थांबल्यावर पाणी पिण्यायोग्य होते. गढूळ पाण्यात क्लोरीनचा परिणाम कमी होत असल्यामुळे ते आधी स्वच्छ सुती कापडातून गाळून निवळू द्यावे लागते. इंधन उपलब्ध असल्यास पाणी खळखळून उकळणे हा खात्रीचा उपाय आहे. मात्र रसायने किंवा इंधन तेल मिसळलेले पाणी यांपैकी कोणत्याही उपायाने सुरक्षित होत नाही.

अन्न

चूल किंवा गॅस न लागणारे, कमी वजनाचे आणि उष्मांक अधिक असलेले पदार्थ निवडले जातात. महाराष्ट्रातील घरांत असे पदार्थ सहज उपलब्ध असतात : शेंगदाणे व गूळ, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, फुटाणे, चिवडा, भडंग आणि बिस्किटे. पोहे नुसत्या पाण्यात भिजवून खाता येतात. सातूच्या पिठात पाणी व गूळ कालवला की ते लगेच खाण्याजोगे होते. अतिखारट पदार्थ तहान वाढवत असल्याने पाणी मर्यादित असताना ते टाळले जातात. तान्ह्या मुलांसाठी स्तनपान चालू ठेवणे सर्वांत सुरक्षित मानले जाते. वरचे दूध देणे अपरिहार्य असल्यास दुधाची भुकटी, शुद्ध पाणी व स्वच्छ वाटी-चमचा स्वतंत्र ठेवतात.

औषधे व प्रथमोपचार

मधुमेह, रक्तदाब, दमा, अपस्मार आदी विकारांवरील नित्य औषधांचा किमान आठवडाभराचा साठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत पिशवीत असावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. ते आधी पिशवीत भरता येत नसल्यामुळे निघताना घ्यायच्या वस्तूंच्या यादीत त्याची नोंद करतात.

प्रथमोपचाराच्या सामानात निर्जंतुक कापसाच्या घड्या, बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, कात्री, हातमोजे, तापावरील गोळ्या आणि क्षार संजीवनीची (ओआरएस) पाकिटे असतात. पाकीट नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून जलसंजीवनी तयार करता येते. पुराच्या पाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका संभवतो. म्हणून पायांवरील जखमा झाकण्यासाठी जलरोधक पट्ट्या ठेवतात. प्रतिबंधक औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे लागते.

कागदपत्रे व पैसे

पुढील कागदपत्रांच्या प्रती जलरोधक पाकिटात ठेवल्या जातात :

- आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका
- बँक पासबुक, विमापत्र
- सातबारा उतारा अथवा मालमत्ता पत्रक, घरपट्टीची पावती, भाडेकरार
- जन्मदाखले, शाळेच्या गुणपत्रिका, जात प्रमाणपत्र
- दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय अहवाल

२०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकर सेवेत अनेक कागदपत्रे ठेवता येतात. तथापि वीज व जाळे बंद असताना छापील प्रतच कामी येते. नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. त्याच कागदावर ११२ (राष्ट्रीय आपत्कालीन सेवा), १०८ (रुग्णवाहिका), १०१ (अग्निशमन) आणि १०७७ (जिल्हा नियंत्रण कक्ष) हे क्रमांक नोंदवले जातात. रोख रक्कम लहान मूल्याच्या नोटांत असावी.

प्रकाश, संपर्क व इतर साहित्य

- विजेरी व जादा सेल. डोक्याला बांधायची विजेरी असल्यास हात मोकळे राहतात
- भरलेली पॉवर बँक व चार्जिंगची तार
- शिट्टी, ढिगाऱ्याखाली अडकलेल्या व्यक्तीचा आवाज लवकर बसतो, शिट्टीला मात्र कमी शक्ती लागते
- दोरी, चाकू, रुंद चिकटपट्टी, लहान ताडपत्री
- रेनकोट, कपड्यांचा एक जोड, चादर, धूळरोधक मुखपट्टी
- साबण, सॅनिटरी नॅपकिन, लंगोट, कचऱ्याच्या पिशव्या
- चष्म्याचा दुसरा जोड, श्रवणयंत्राचे सेल

मेणबत्ती व काडेपेटी उपयुक्त असली, तरी भूकंप किंवा पुरानंतर गॅसगळतीची शक्यता असल्यामुळे घरात ज्वाला पेटवणे धोक्याचे असते. सर्व कपडे व कागद आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग मुख्य पिशवीत ठेवल्यास पावसातही कोरडे राहतात.

ठेवण्याची जागा व देखभाल

भूकंपाच्या दृष्टीने पिशवी दाराजवळ हवी, तर पुराच्या दृष्टीने ती उंचावर हवी. दाराजवळच्या भिंतीतील भक्कम खुंटीला ती अडकवल्यास दोन्ही गरजा भागतात. कुलूपबंद कपाट, माळा व पलंगाखालची जागा गैरसोयीची ठरते. पिशवी कोठे आहे, हे मुलांसह घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे लागते.

अन्न व औषधांची मुदत संपते, सेल गळतात, मुलांचे कपडे तोकडे होतात. त्यामुळे वर्षातून किमान दोनदा पिशवी रिकामी करून पुन्हा भरली जाते. महाराष्ट्रात यासाठी पावसाळ्यापूर्वीचा मे महिना व दिवाळीची साफसफाई हे सोयीचे काळ आहेत. मुदत जवळ आलेले अन्न घरात वापरून नवे भरल्यास काही वाया जात नाही.

घर सोडताना पिशवीसोबतच विजेचा मुख्य खटका व गॅसचा रेग्युलेटर बंद करणे आणि आपण कोठे जात आहोत हे शेजाऱ्यांना सांगणे अपेक्षित असते. ग्रामीण भागात जनावरे मागे सोडावी लागण्याच्या भीतीने कुटुंबे निघण्यास उशीर करतात. जनावरांना वेळेवर उंच जागी हलवणे किंवा ते शक्य नसल्यास निदान दावणीतून मोकळे करणे, हाही पूर्वतयारीचा भाग मानला जातो.

मर्यादा

पिशवी ही पूर्वसूचना, सुरक्षित बांधकाम व वेळेवर स्थलांतर यांना पर्याय ठरत नाही. किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) व इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दरडींनी रहिवाशांना बाहेर पडण्याची संधीच दिली नाही. अशा ठिकाणी धोका ओळखून आधीच सुरक्षित जागी हलणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो. पिशवीचा उपयोग त्यानंतर सुरू होतो.

आर्थिक मर्यादाही मोठी आहे. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला तीन दिवसांचे अन्न व आठवड्याची औषधे बाजूला काढून ठेवणे परवडत नाही आणि धोकादायक वस्त्यांत राहणाऱ्यांमध्ये अशा कुटुंबांचे प्रमाण लक्षणीय असते. पूर्वतयारीचा सर्व भार व्यक्तीवर टाकल्यास निवारा केंद्रे, पाणीपुरवठा व पूर्वसूचना यांविषयीची शासनाची जबाबदारी झाकोळली जाते, असा आक्षेपही घेतला जातो. यामुळे महागड्या तयार संचांपेक्षा घरातल्याच वस्तूंतून टप्प्याटप्प्याने पिशवी भरण्याचा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. कागदपत्रांच्या प्रती, लिहिलेले दूरध्वनी क्रमांक, शिट्टी, विजेरी, नित्याची औषधे व पाण्याची बाटली एवढ्यापासून सुरुवात करण्यास फारसा खर्च येत नाही.