पाश्चरच्या गावची फिकी वाइन

वर्गात पाश्चर शिकवताना मी कायम दुधाचं उदाहरण दिलं. खरं तर १८६०च्या दशकात त्याने तापवली ती वाइन, ५०-६० अंशांवर, नासू नये म्हणून. तेही आर्ब्वा या आपल्या बालपणीच्या गावी.

गंमत म्हणजे, आर्ब्वाच्याच शेजारच्या खेड्यात पिएर ओव्हेर्नुआ यांनी १९८०च्या दशकात ‘पुल्सार’ द्राक्षांची वाइन न तापवता, न गाळता, गंधकाशिवाय करायला घेतली. साल पातळ, म्हणून रंग कोकमाच्या पाण्यासारखा, जरा गढूळच. पण हे अडाणीपण नव्हे. त्यांना वाट दाखवणारे झ्यूल शोव्हे स्वतः रसायनतज्ज्ञ, यीस्टचे अभ्यासक. म्हणजे पाश्चरचेच विद्यार्थी म्हणा ना!

भाच्याने तशी एक बाटली आणली. पेला उजेडात धरून मी विचारलं, "नासली का रे?" मग (नातेवाईकांनो, एकच) घोट घेतला. हलकी, आंबटसर. खोटं कशाला बोलू, दुसराही घेतला.