प्रिंटरला मराठी येत नाही

आजचा भाग सुरू करायच्या आधी एक छोटं काम. फोन हातात असेलच. कुठल्याही चॅटमध्ये ‘स्त्री’ एवढंच टाइप करा. पाठवू नका, उगाच गैरसमज होतील. आता बॅकस्पेस एकेकदा दाबा. बहुतेक कीबोर्डवर आधी वेलांटी जाईल, मग र जाईल, मग त चा मोडलेला पाय, मग त, मग स चा पाय आणि शेवटी स. दिसायला एक अक्षर, पुसायला सहा वेळा बोट.

ही सहाची भानगड मला कळली ती गेल्या वर्षी, आजोबांची फाइल छापताना.

मी राहतो वाघोलीत. म्हणजे नगर रस्ता, पाण्याचे टँकर आणि इंजिनिअरिंगची पोरं. इथल्या झेरॉक्सच्या दुकानांचं निम्मं पोट सबमिशनवर चालतं. मीही बीटेकला असताना जर्नलसाठी कोडच्या प्रिंट काढायला रांगेत उभा राहिलोय. कोड छापणं सोपं असतं. इंग्रजी अक्षरं, प्रत्येकाला सारख्या रुंदीचा एक चौकोन, ओळ संपली की पुढची. त्यामुळे एडिटरमधून प्रिंटरला मजकूर पाठवणं यात काही इतिहास असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

आजोबा शिरूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या आणि १९९८ साली एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. घरात एकच छापील प्रत होती. आजोबा गेल्यावर ती माळ्यावर गेली आणि तिथे वाळवीने वाचून काढली. उरली फ्लॉपीवरची टेक्स्ट फाइल. काकाने ती कधीतरी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली होती, हे आमचं नशीब.

फाइल मी कोड एडिटरमध्ये उघडली. समोर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टोप्या घातलेली युरोपियन अक्षरं. मराठीचा एक काना नाही. फाइल करप्ट झाली असं समजून मी जवळजवळ डिलीट करणार होतो.

फाइल धडधाकट होती. तिच्यात अक्षरं नव्हती, अक्षरांची चित्रं होती. हे असं का झालं, ते सांगायला पुण्यातच थोडं मागे जावं लागेल.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. विजय भटकर, परम महासंगणक, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्याच वर्षी आयआयटी कानपूरमधलं जिस्ट नावाचं काम सी-डॅकमध्ये आलं. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी तिथे भारतीय लिप्या संगणकावर आणायच्या मागे होते. त्यातून जिस्ट कार्ड निघालं. ते पीसीत बसवलं की इंग्रजीसाठी बनवलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी टाइप व्हायची. प्रोग्रॅमला पत्ताही लागायचा नाही. डीबेसला वाटायचं आपण आकडे-अक्षरं साठवतोय, आणि पडद्यावर मराठी.

यामागची कल्पना मला आजही भारी वाटते. साठवायचं ते अक्षराचं नाव, रूप नाही. ‘स्त्री’ म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. हे सहा संकेत क्रमाने ठेवायचे आणि जोडाक्षर कसं दिसावं ते दाखवणाऱ्या यंत्राने ठरवायचं. हेच इस्की, १९९१ साली भारतीय मानक झालेलं. खालच्या १२८ जागांवर इंग्रजी जशीच्या तशी, वरच्या जागांवर आपल्या लिप्या. आणि गंमत म्हणजे मराठीचा क, बंगालीचा क, तमिळचा क, सगळ्यांना एकच संकेत. लिपी बदला, तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसेल. त्याच सुमारास जगासाठी युनिकोड बनत होतं. त्याच्या देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली गेली. तुम्ही आत्ता बॅकस्पेस दाबून जे पाहिलंत ते हेच.

मग नव्वदच्या दशकात सगळ्यांनी हेच का नाही वापरलं? छपाईमुळे.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आठवतोय का? रेशनच्या किंवा बँकेच्या काउंटरवर करकरणारा. त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरं आधीच कोरलेली असतात. संगणक म्हणतो ‘पासष्ट नंबर’, तो छापतो ए. देवनागरी त्याच्या पोटात नाही. तिथे आधी अक्षर जुळवून त्याचं ठिपक्यांचं चित्र बनवायचं आणि ठिपके पाठवायचे. जुळवणारा कोणीतरी मध्ये हवाच. मग विंडोज आलं, लेझर प्रिंटर आले, आणि डीटीपीवाल्यांना सुंदर, वळणदार, लग्नपत्रिकेत शोभेल असं मराठी आजच्या आज हवं होतं. विंडोजला तेव्हा जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. त्यावर काढलेला जुगाड असा: फॉन्टमध्ये इंग्रजी ए च्या जागी मराठी अक्षराचा एखादा तुकडा बसवायचा, बी च्या जागी दुसरा, डॉलरच्या जागी रफार. संगणक इंग्रजी समजून चालतो, प्रिंटर चित्र छापतो, गिऱ्हाईक खूश. कागदच हवा असेल तर यात काही चूक नाही.

पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी याच जमान्यातलं. सी-डॅकचेही असे फॉन्ट होते, सुरेख आणि योगेश ही नावं अजून सरकारी फायलींत भेटतात. म्हणजे ज्या घरात अक्षराचं नाव साठवायची कल्पना वाढली, त्याच घरातून तुकड्यांचे फॉन्टही गेले. मी त्यांना दोष देत नाही. मीही डेडलाइन आली की असंच करतो.

खरं तर हा प्रश्न शिशाच्या खिळ्यांपासूनचा. जावजी दादाजींच्या निर्णयसागरात काय किंवा केसरीत काय, कंपोझिटरसमोर इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त कप्पे असायचे. लोकमान्य टिळकांनी ते कमी करायचा खटाटोप केला आणि खिळे १९० च्या आसपास आणले. तुकड्यांच्या फॉन्टलाही हाताशी साधारण दोनशेच जागा होत्या. दोघांनी एकच कोडं वेगवेगळ्या शतकांत सोडवलं.

फक्त खिळ्याला ‘मी कोण’ हे लक्षात ठेवायची गरज नव्हती. फाइलला होती. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची जागा वेगळी, त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूर गेला.

मी दोन आठवडे रात्री बसून तक्ता बनवला. कुठलं चिन्ह म्हणजे कुठला तुकडा. मग ते उलटवणारी स्क्रिप्ट. सगळ्यात जास्त छळलं पहिल्या वेलांटीने. डोळ्यांना ती अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती आधी. युनिकोडमध्ये ती नंतर. रफार बरोबर उलटा: दिसतो शेवटी, उच्चार आधी. एकेकाला उचलून जागेवर ठेवलं. एका रात्री अचानक पडद्यावर आलं, ‘माझा जन्म’. पुढे मला वाचवेना.

आता छापायचं. मी विम वापरतो. त्यात हार्डकॉपी नावाची जुनी आज्ञा आहे, ती दिली. पानभर उलटी प्रश्नचिन्हं. ती आज्ञा मजकुराचं पोस्टस्क्रिप्ट करते आणि तिची सगळी गणितं ‘एक चिन्ह, एक चौकोन’ या हिशोबावर. एकावर एक चढणारी चिन्हं तिला जमतच नाहीत. व्हीएस कोडमध्ये तर मुळातून प्रिंटचा पर्यायच नाही. शेवटी फाइल ब्राउझरमध्ये उघडली, तिथून पीडीएफ केली. ब्राउझरच्या आत हार्फबझसारखी एक लायब्ररी बसलेली असते. ती सहा संकेत घेते, फॉन्टला विचारते आणि ‘स्त्री’ जुळवून देते. थोडक्यात, कंपोझिटर. पीडीएफमध्ये रूप पक्कं झालेलं असतं, म्हणून झेरॉक्सवाला काहीही दिलं तरी ‘पीडीएफ करून आणा’ म्हणतो. त्याला कारण ठाऊक असो नसो, तो बरोबर आहे.

शहाण्णव पानं निघाली. स्पायरल बाइंडिंग करून रविवारी गावी आजीला नेऊन दिली. ती ओसरीवर चष्मा लावून बसली, सावकाश, बोट ठेवून वाचत. मी समोर चहा घेत होतो, कौतुकाची वाट बघत.

“अरे,” ती म्हणाली, “शिवनेरीच्या सहलीत पिठलं करणारे हे आचार्य कोण?”

मी पाहिलं. ‘आचार्यांनी पिठलं केलं.’ आजोबांनी लिहिलं होतं ‘आचाऱ्यांनी’. तो आडवा, पापणीसारखा अर्धा र. जुन्या फॉन्टमध्ये त्याचा वेगळा तुकडा होता. माझ्या तक्त्यात मी त्याला साधा र आणि हलन्त दिला, आणि पुढे य येताच त्याचा रफार झाला. युनिकोडमध्ये हा आडवा र मिळवायला नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, मग हलन्त. तेवढ्यासाठी स्वयंपाकी आचार्य झाले होते. चार पानं पुढे किल्ल्याभोवती दऱ्यांच्या जागी चक्क दर्या पसरला होता, जुन्नर तालुक्यात.

“ह्यांना शुद्धलेखनाची चूक खपायची नाही हं,” आजी म्हणाली आणि तिने उशाखालून पेन्सिल काढली.

संध्याकाळपर्यंत तिने सतरा ठिकाणी खुणा केल्या. वाघोलीला परतल्यावर मी तक्त्यातली एक ओळ बदलली आणि सगळी शहाण्णव पानं पुन्हा छापली. नवी प्रत तिला दिली. खुणांची प्रत मी ठेवून घेतलीय.