बेगम ऐजाज रसूल : संविधान सभेतील एकमेव मुस्लिम महिला

भारताचं संविधान घडवणाऱ्या सभेत १५ महिला होत्या. सरोजिनी नायडू, हंसा मेहता ही नावं आपण कधीतरी ऐकलेली असतात. पण या पंधरा जणींत एक मुस्लिम महिलाही होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्यांचं नाव बेगम कुदसिया ऐजाज रसूल.

वडील सर झुल्फिकार अली खान हे मलेरकोटलाच्या राजघराण्यातले. १९२९ मध्ये कुदसियांचा निकाह अवधमधील संडिल्याचे तालुकदार नवाब ऐजाज रसूल यांच्याशी झाला. १९३७ मध्ये त्या संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, विधान परिषदेसाठी उभ्या राहिल्या, तेही महिलांसाठी राखीव नसलेल्या जागेवरून. पडदा न करणाऱ्या बाईला मत देऊ नका, असा फतवा निघाला. तरी त्या निवडून आल्या आणि परिषदेच्या उपसभापतीही झाल्या.

संविधान सभेत त्या मुस्लिम लीगकडून गेल्या. फाळणीनंतर लीगचे कितीतरी नेते पाकिस्तानात गेले. बेगम इथंच राहिल्या. मे १९४९ मध्ये अल्पसंख्याकांच्या राखीव जागांवर चर्चा झाली. मद्रासचे मुहम्मद इस्माईल या जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ हवेत म्हणत होते. बेगमांनी उलट बाजू मांडली. अशा जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचं तोडतील, त्यात नुकसान आपलंच आहे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी धर्मावर आधारित राखीव जागा रद्द झाल्या.

१९५२ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या, पुढे उत्तर प्रदेशात मंत्री झाल्या. स्वतः तालुकदार घराण्यातल्या असूनही त्यांनी जमीनदारी निर्मूलनाला पाठिंबा दिला. महिला हॉकी संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. ‘फ्रॉम पर्दा टू पार्लमेंट’ हे त्यांचं आत्मचरित्र. २००० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ७४ महिला निवडून आल्या. त्यांत मुस्लिम फक्त दोन. बेगमांनी बहुसंख्याकांवर विश्वास टाकला होता. तो किती पाळला गेला, हे राजकीय पक्षांना विचारायलाच हवं. पण त्यांच्याविरुद्ध पहिला फतवा निघाला तो आपल्याच घरातून. म्हणून आपल्या मुलींना आपण किती पुढे येऊ देतो, हा प्रश्न समाजानं स्वतःलाही विचारावा.