चित्रपटगृह, संगीत आणि 'साउंडट्रॅक' : कॅनडातील प्रयोगहक्कांचा इतिहास

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २०१२ या एकाच दिवशी कॉपीराइटविषयक पाच निर्णय दिले. त्यांपैकी 'री-साउंड विरुद्ध मोशन पिक्चर थिएटर असोसिएशन्स ऑफ कॅनडा' हा निर्णय आकाराने लहान आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाने सर्वांत आधी वाचावा असा तोच होय. 'साउंडट्रॅक' या एका शब्दाच्या अर्थाविषयी तेथे वाद होता, आणि चित्रपटगृहांकडून गायक-वादकांना काही मोबदला मिळावयाचा की नाही हे त्या अर्थावर ठरावयाचे होते. तथापि हा निर्णय सुटा वाचला तर त्याचे मर्म हाती लागत नाही. चित्रपटातील संगीताचे मूल्य निर्मात्याने चुकते करावे की ज्याच्या गृहात चित्रपट दाखविला जातो त्याने, हा प्रश्न कॅनडात मूकपटांच्या काळापासून चालत आलेला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चित्रपटात ऐकू येणाऱ्या गीतामध्ये दोन वस्तू असतात : संगीतकाराने व गीतकाराने केलेली रचना, आणि गायक-वादकांनी त्या रचनेचे केलेले विशिष्ट ध्वनिमुद्रण. या दोहोंना चित्राशी जोडण्याची अनुमती निर्माता करार करून घेतो. परंतु तयार चित्रपट प्रेक्षकांसमोर दाखविला गेला म्हणजे त्या संगीताचा सार्वजनिक प्रयोग होतो, आणि प्रयोगाचा हक्क हा निराळा हक्क आहे. पुढील सारा झगडा या दुसऱ्या हक्काचा आहे.

कॅनडाचा १९२१ चा कॉपीराइट कायदा १ जानेवारी १९२४ पासून अमलात आला. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याचा ठसा त्याच्यावर स्पष्ट दिसतो. पाठोपाठ १९२५ मध्ये लंडनच्या परफॉर्मिंग राइट सोसायटीने कॅनडात आपली एक शाखासंस्था, कॅनेडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, स्थापन केली. मूकपटांच्या त्या दिवसांत मोठ्या चित्रपटगृहांत वाद्यवृंद असे, लहान गृहांत एखादा पियानोवादक. संगीत गृहातच वाजत असल्याने प्रयोग करणारा कोण, याविषयी संशयाला जागा नव्हती. नव्या संस्थेने देशातील सर्वांत बलाढ्य गृहमालक कंपनी फेमस प्लेयर्स कॅनेडियन कॉर्पोरेशन हिच्यावरच दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२९ मध्ये संस्था हरली. मात्र संगीताच्या प्रश्नावर नव्हे. ज्या हस्तांतरामुळे हक्क तिच्याकडे आले होते त्याची कॅनडाच्या कायद्यानुसार नोंदणी झालेली नव्हती, आणि नोंदणीवाचून दावा चालत नाही, एवढ्यावर तो निकाल झाला. तत्त्वाचा प्रश्न तसाच राहिला.

दरम्यान बोलपट आले. गृहांतील वादक बेकार झाले, पण प्रयोगहक्काचे देणे मात्र टळले नाही; कारण संगीत आता फितीवरून येत असले तरी ते वाजत होते त्याच गृहात. येथून गृहमालकांची तक्रार निराळे रूप घेते. निर्मात्याने संगीताचे पैसे एकदा मोजले असता आम्ही पुन्हा का मोजावे, असा त्यांचा सवाल होता. तो अगदीच निराधार नव्हता. मात्र हा सवाल करणारा पक्षही काही एकाकी दुर्बळांचा नव्हता. वितरक व प्रदर्शक यांची संघटना आणि फेमस प्लेयर्स यांच्याविरुद्ध मक्तेदारीच्या आरोपाची चौकशी पीटर व्हाइट यांनी केली होती. १९३२ मध्ये ओंटारिओच्या न्यायालयात खटला होऊन सर्वजण निर्दोष सुटले. म्हणजे मक्तेदारीचा आरोप स्वतः झेललेली मंडळी पुढे तोच आरोप संगीतकारांच्या संस्थेवर करीत होती.

शासनाने मार्ग काढला तो दर ठरविण्याचा. १९३१ च्या दुरुस्तीने हक्कसंस्थांना आपल्या रचनांच्या याद्या व शुल्काचे तक्ते शासनाकडे दाखल करणे भाग पडले. १९३५ मध्ये न्यायाधीश जेम्स पार्कर यांची चौकशी झाली आणि १९३६ मध्ये तीन सदस्यांचे कॉपीराइट अपील बोर्ड अस्तित्वात आले. संस्थेने दरपत्रक सादर करावयाचे, वापर करणाऱ्यांच्या संघटनांनी हरकती घ्यावयाच्या, आणि मंडळाने दर मंजूर करावयाचा, ही पद्धती तेव्हापासूनची आहे. १९८९ मध्ये त्या मंडळाची जागा कॉपीराइट बोर्डाने घेतली, तरी मूळ चौकट टिकून आहे. व्यापारी संघांना कॅनडाच्या संगीतव्यवहारात जे स्थान लाभले ते या चौकटीमुळे होय. एकट्या गृहमालकाला मंडळापुढे वकील उभा करणे परवडत नाही, संघाला परवडते.

यानंतर १९३८ ची दुरुस्ती. उपाहारगृहात किंवा दुकानात रेडिओ अथवा ग्रामोफोन लावला म्हणून मालकाकडून शुल्क घेऊ नये, अशी सवलत तिने दिली. पुढे वाजविणाऱ्या यंत्रांच्या एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४५ मध्ये या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला. परंतु त्याच कलमात एक अपवाद आहे : प्रवेशशुल्क घेऊन नियमितपणे करमणुकीसाठी वापरले जाणारे थिएटर. या अपवादाने चित्रपटगृह सवलतीबाहेर राहिले ते कायमचेच. अशा कलमांच्या कडेला असलेल्या उपवाक्यांकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचित जाते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

कॅनडाचा मार्ग किती वेगळा होता हे शेजारच्या अमेरिकेकडे पाहिल्यावर कळते. तेथेही ॲस्कॅप ही संगीतकारांची संस्था चित्रपटगृहांकडून शुल्क घेत असे. न्यूयॉर्क भागातील दीडशेहून अधिक गृहांच्या मालकांनी तिच्यावर दावा केला, आणि १९४८ मध्ये ॲल्डन-रोशेल खटल्यात न्यायाधीश लायबेल यांनी ही पद्धती मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. १९५० च्या सुधारित संमतिहुकमाने ॲस्कॅपला गृहांकडून शुल्क घेण्यास मनाईच झाली. परिणामी अमेरिकेत चित्रपटगृहातील प्रदर्शनाबद्दल संगीतकाराला प्रयोगशुल्क मिळत नाही. कॅनडात दर ठरविणारे मंडळ आधीच असल्यामुळे गाऱ्हाणे न्यायालयाऐवजी मंडळाकडे गेले, आणि शुल्क टिकले. जुनी संस्था १९४० च्या दशकात 'कॅपॅक' झाली. १९४० मध्येच स्थापन झालेल्या बी. एम. आय. कॅनडाच्या उत्तराधिकारी संस्थेशी ती १९९० मध्ये एकरूप होऊन 'सोकॅन' झाली. चित्रपटगृहांसाठी सोकॅनचे शुल्क गृहातील आसनांच्या संख्येवरून काढले जाते; आसन भरले की रिकामे राहिले हे पाहिले जात नाही. यातून एक विषमता निर्माण होते. अमेरिकन चित्रपट टोरांटोत लागला तर त्याच्या संगीतकाराच्या नावे रक्कम जमा होते. कॅनडाचा चित्रपट न्यूयॉर्कला लागला तर होत नाही. कॅनडाच्या पडद्यावर अमेरिकन चित्रपटांचे प्रभुत्व किती आहे हे ध्यानी घेतले, म्हणजे या पैशाचा ओघ कोणीकडे असेल हे सांगावयास नको.

रचनाकाराचे असे झाले. गायक-वादक आणि ध्वनिमुद्रण करणारे यांना सार्वजनिक प्रयोगाबद्दल न्याय्य मोबदल्याचा हक्क कॅनडात १९९७ च्या दुरुस्तीने मिळाला. ही रक्कम उभयतांत निम्मी-निम्मी वाटली जाते. ती गोळा करणाऱ्या संस्थेचे नाव पुढे री-साउंड झाले. तिने चित्रपटगृहांसाठी व दूरचित्रवाणीसाठी दरपत्रके दाखल केली. चित्रपटगृहांच्या संघटनांनी प्रसारण कंपन्यांसह हरकत घेतली. त्यांचा आधार होता कायद्यातील 'ध्वनिमुद्रण' या संज्ञेची व्याख्या : चित्रपटाच्या साउंडट्रॅकने चित्रपटाला साथ केली असता तो साउंडट्रॅक या व्याख्येत येत नाही.

री-साउंडचे म्हणणे तर्कशुद्ध होते. साउंडट्रॅक म्हणजे संवाद, पार्श्वध्वनी व संगीत मिळून झालेली संपूर्ण ध्वनिपट्टी. आधीच बाजारात असलेले एखादे गीत तीत घातले म्हणून ते गीत साउंडट्रॅक बनत नाही, ध्वनिमुद्रणच राहते. समग्राचे नाव अवयवाला लावता येत नाही, असा हा युक्तिवाद. चित्रपटात घेतलेले गाणे साउंडट्रॅकमध्ये 'आहे' असे आपण म्हणतो, साउंडट्रॅक 'आहे' असे म्हणत नाही. सामान्य व्यवहारातील भाषा संस्थेच्या बाजूला झुकते, असे मला वाटते. याच्या उलट टोकाला नॅशनल फिल्म बोर्डचे नॉर्मन मॅक्लॅरेन आहेत. त्यांनी फिल्मच्या कडेवर आकृती रेखून ध्वनी निर्माण केला. तेथे गायक नाही, वादक नाही, आधीचे मुद्रण नाही. आहे तो केवळ साउंडट्रॅक.

न्यायमूर्ती लेबेल यांनी एकमताचा निर्णय लिहिला तो संस्थेविरुद्ध. आधीची मुद्रणे वगळावयाची नसती, तर अपवादाला अर्थच उरला नसता, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. गीत चित्रपटातून वेगळे काढून वाजविले तर ते पुन्हा ध्वनिमुद्रण ठरते व मोबदल्यास पात्र होते. चित्रपटासोबत वाजत असेतोवर नाही. म्हणजे निर्णयाचा भार 'साउंडट्रॅक' या नामाइतकाच 'साथ करते' या क्रियापदावर आहे. फ्रेंच पाठातही 'बांद सोनोर' या नामासोबत तेच क्रियापद येते. आपल्याकडील मैफलीत साथीदाराची बिदागी वेगळी ठरते. येथे साथ करणे हेच बिदागी न मिळण्याचे कारण ठरले.

मराठी वाचकाला या प्रकरणात ओळखीचे बरेच काही आढळेल. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याचा वारसा आपल्याकडेही आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन यांच्या वादात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निर्मात्याच्या बाजूने कौल दिला. त्या निकालाने दुर्बळ झालेल्या रचनाकारांना २०१२ च्या दुरुस्तीने मोबदल्यात समान वाटा दिला. ती २१ जून २०१२ रोजी, म्हणजे कॅनडाच्या निर्णयाच्या तीन आठवडे आधी, अमलात आली. तिच्यातही एक अपवाद आहे : चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारे प्रदर्शन. म्हणजे भारतातील रचनाकाराला जेथे वाटा नाही, नेमक्या त्याच जागी कॅनडातील रचनाकाराला आसनांच्या हिशेबाने शुल्क मिळते. तेथील गायक-वादकाला मात्र निर्मात्याशी केलेल्या करारात जे लिहिले असेल तेवढेच मिळते.